रामबागेतून महालक्ष्मीनगरात : एका बिऱ्हाडाच्या हलवाहलवीचे प्रकरण

इंदूरच्या रामबागेतील आमचा 58 वर्षांचा संसार गेल्या मे महिन्यात महालक्ष्मीनगरातील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हलवला. जुने घर आजेसासऱ्यांनी बांधलेले, दुमजली, मागे अंगण आणि अंगणात तुळशीवृंदावन असे होते. सासरे गेल्यानंतर भावंडांमध्ये वाटणीचा विषय निघाला, आणि एकाने घर ठेवून बाकीच्यांना त्यांचा हिस्सा द्यावा इतकी ऐपत कोणाचीच नसल्यामुळे घर विकायचे सर्वानुमते ठरले. खरेदीदाराला 31 मेपर्यंत ताबा द्यायचा होता. नव्या जागेत तीन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे. क्षेत्रफळ जुन्या घराच्या निम्म्याहून थोडे कमी. राहणारी माणसे पाच : 78 वर्षांच्या सासूबाई, यजमान, मी, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि दहावीची परीक्षा दिलेली मुलगी. मी या घरातली थोरली सून. याद्या, हिशोब आणि खोक्यांची वही माझ्याकडे होती, त्यामुळे काय जमले आणि काय फसले हे दोन्ही मला तपशिलाने सांगता येईल.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे की, घर हलवण्याविषयी जे सल्ले मिळतात ते बहुतेक बांधाबांधीचे असतात. कोणता खोका घ्यावा, काच कशात गुंडाळावी, कोणत्या दोरीने काय बांधावे, हे सगळे उपयोगाचेच आहे आणि पुढे मीही ते सांगणार आहे. पण आमच्या घरात आठ आठवड्यांपैकी पाच आठवडे बांधण्यात गेले नाहीत. ते वस्तूंचे काय करायचे हे ठरवण्यात गेले. आम्ही ते काम कामांच्या यादीत धरलेच नव्हते, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचे मूळ तिथेच होते.

पहिला अंदाज आणि माळा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी एका रविवारी वही घेऊन खोलीखोलीतून फिरले आणि दिसेल ते लिहून काढले. त्यावरून 46 खोके लागतील असा हिशोब निघाला. सामान हलवून देणाऱ्या एका कंपनीला फोन केला, तर त्यांनीही घर न बघता, खोल्या किती एवढेच विचारून एक आकडा सांगून टाकला. आम्ही आग्रहाने माणूस बोलावला तेव्हा तो आकडा जवळजवळ दुप्पट झाला, शिवाय कपाट, झोपाळा आणि धान्याच्या कोठ्या यांचे वेगळे पैसे सांगितले गेले. त्या माणसाची चूक नव्हती, कारण सामान होतेच तेवढे. चूक फोनवरच्या आकड्यावर विसंबण्यात होती, आणि त्याहून मोठी चूक माझ्या यादीत होती.

मी जे दिसते ते मोजले होते. जुन्या घरात जे दिसत नाही तेच अधिक असते. जिन्याखालची जागा, पलंगांचे कप्पे, न्हाणीघरावरची फळी आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघरावरचा माळा. या माळ्यावर मी लग्न होऊन आल्यापासून चारपाच वेळाच चढले असेन. मुलाने शिडी लावून एकेक वस्तू खाली द्यायला सुरुवात केली तेव्हा सकाळचे सात वाजले होते, आणि दुपारी दोन वाजता अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. लग्नकार्यात लागणारी पातेली, दोन पितळी समया, तांब्याचे घंगाळ, शेवयांचा पाट, मोडका पाळणा, सासऱ्यांच्या कचेरीतल्या फायलींची चार गाठोडी, नणंदेची पत्र्याची ट्रंक, दिरांच्या अभियांत्रिकीच्या वह्या, तीन जुने स्टोव्ह. शेवटी एकूण खोके भरले 83, आणि त्यांतले 22 एकट्या माळ्याचे होते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, यादीची सुरुवात माळ्यापासून करावी. रोजच्या वापरातली खोली शेवटच्या दोन दिवसांत आवरता येते, कारण तिथल्या प्रत्येक वस्तूचे उत्तर आपल्याला माहीत असते. माळ्यावरच्या वस्तूंना उत्तर नसते, म्हणूनच त्या माळ्यावर गेलेल्या असतात.

ठेवायचे की काढायचे

नव्या घरात माळा नाही, अंगण नाही, जिन्याखालची जागा नाही. तेव्हा सामान निम्मे करणे भाग होते. मी सुरुवातीला सासूबाईंसमोर एकेक वस्तू धरून विचारत असे, “आई, हे ठेवायचे की काढायचे?” त्यांचे उत्तर ठरलेले असे, “असू दे.” चार दिवसांत सव्वाशे वस्तूंपैकी नऊ निघाल्या. माझी चिडचिड होऊ लागली आणि त्यांचा रक्तदाब वाढला. पाचव्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तेव्हा मी ते काम दोन दिवस थांबवले.

पुन्हा बसलो ती घंगाळापासून. मोठे, दोन कड्यांचे, बाहेरून काळवंडलेले घंगाळ. कसेरा बाजारात मोडीत घातले असते तर तांब्याच्या वजनाचे बरे पैसे आले असते, आणि मनात माझ्या तेच होते. सासूबाईंनी ते ओढून जवळ घेतले, पदराने काठाखालची धूळ पुसली आणि बोट फिरवत फिरवत एका जागी थांबल्या. तिथे टिंबाटिंबांनी नाव घातलेले होते, त्यांच्या सासूबाईंचे, आणि त्याखाली माहेरचे आडनाव. चष्मा नसताना त्यांनी ते बोटानेच वाचले. मग म्हणाल्या, “हे उज्जैनला जाऊ दे. तिच्या अंगणात पाणी तापवतात अजून.” उज्जैनला म्हणजे नणंदेकडे. मी विचारलेही नव्हते.

त्या क्षणापासून मी प्रश्न बदलला. “ठेवायचे की काढायचे” हे विचारणे बंद केले आणि “हे कोणाला द्यायचे?” असे विचारू लागले. पुढच्या सहा दिवसांत घराचा निम्मा भार हलका झाला. शेवयांचा पाट शेजारच्या वहिनींना, मोठी पातेली गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाला, समयांपैकी एक दिरांना, एक आमच्याकडे, पाळण्याची लाकडी पट्टी सुताराला. म्हाताऱ्या माणसाला वस्तू सोडवत नाही असे आपण म्हणतो. माझा अनुभव असा की, वस्तू टाकली जाणे त्यांना सोसत नाही, पण योग्य हाती गेलेली सोसते, नव्हे त्यात त्यांना समाधान वाटते. ज्या घरात वृद्ध माणूस आहे तिथे या कामाला निदान तीन आठवडे वेगळे ठेवावेत आणि दिवसाला दोन तासांहून अधिक बसू नये, असे मला आता ठामपणे वाटते.

दुसरी अडचण गैरहजर माणसांच्या वस्तूंची होती. दिरांच्या वह्या, नणंदेची ट्रंक, सासऱ्यांच्या फायली : या वस्तू आमच्या नव्हत्या, पण जागा आमचीच अडवत होत्या. घरच्या व्हॉट्सॲप गटावर मी प्रत्येक वस्तूचा फोटो टाकला आणि 20 एप्रिलपर्यंत कळवावे असे लिहिले. भाऊजींनी “बघू” असे उत्तर दिले. या ‘बघू’ने आमचे दोन आठवडे घेतले. नणंदबाई मात्र दोन दिवसांसाठी येऊन ट्रंकेपाशी बसल्या, शाळेतले भरतकाम आणि पत्रे काढून घेतली आणि ट्रंक रिकामी करून दिली. सासऱ्यांच्या फायली यजमानांनी स्वतः चाळल्या. घराची मूळ कागदपत्रे, नगरपालिकेच्या काळच्या पावत्या आणि एक जुना नकाशा त्यांत निघाला, जो विक्रीच्या वेळी वकिलांनी मागितला होता आणि आम्ही नाही म्हणून सांगितले होते. फायली न पाहता रद्दीत दिल्या असत्या तर काय झाले असते याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

उरलेल्याची वाट इंदूरमध्ये तुलनेने सोपी आहे. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिले येत राहिलेल्या या शहरात घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो. सकाळी गाडी आली की ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घातक असे वेगळे द्यायचे. त्यामुळे एकदम मोठा ढीग बाहेर ठेवून मोकळे होता येत नाही. रोज थोडे थोडे, प्रकार पाहून द्यावे लागते. जुन्या बॅटऱ्या, रंगाचे वाळलेले डबे, फुटक्या ट्यूबलाइटी यांना आम्हाला अकरा दिवस लागले. लोखंड, पत्रा आणि रद्दी अटालेवाल्याने, म्हणजे भंगारवाल्याने, नेली. वापरता येण्याजोगे कपडे धुऊन, घडी घालून दिले. न धुता देऊ नयेत, घेणाऱ्याचा मान त्यात असतो.

तारीख ठरवताना

आमच्याकडे तारखेवरून वाद झाला असता, तो एका साध्या तोडग्याने टळला. सासूबाईंना मुहूर्त हवा होता आणि यजमानांना रविवार. तेव्हा गृहप्रवेश आणि सामान यांची ताटातूट केली. अक्षय्य तृतीयेला सकाळी नव्या घरी कलश ठेवला, दूध उतू घातले, ब्राह्मण आणि दोन सवाष्णी जेवल्या, आणि संध्याकाळी सगळे परत रामबागेत आलो. सामान त्यानंतर अठरा दिवसांनी गेले. मुहूर्ताच्या दिवशीच ट्रक बोलावण्याचा अट्टाहास करणाऱ्यांना त्या दिवशी ना हमाल मिळतात ना गाडी, कारण तो मुहूर्त सगळ्या गावाचा असतो.

सामानाचा दिवस ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, उन्हाळा. 25 मेच्या सुमारास नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू होतो आणि त्या दिवसांत हमाली करणाऱ्या माणसाकडून तिसऱ्या मजल्याचे काम घेणे मला बरोबर वाटत नाही. शिवाय चिकटपट्टीचा डिंकही उन्हात सैल पडतो. दुसरी, पाणी. आमच्या गल्लीत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि त्या दिवशी सकाळी घरातली निम्मी माणसे टाक्या-पिंपे भरण्यात गुंतलेली असतात. म्हणून पाणी न येण्याचा दिवस धरला आणि आदल्या दिवशी पिंपे भरलीच नाहीत. तिसरी, गहू. मालव्यात एप्रिल-मे हे वर्षाच्या साठवणीचे दिवस. दरवर्षी आम्ही सात क्विंटल लोकवन घेतो. तो या वर्षी जून लागल्यावर थेट नव्या घरी आणवला. हे मार्चमध्येच ठरवले होते म्हणून साधले. रिकाम्या झालेल्या दोन कोठ्यांत गोधड्या, रजया आणि उशा ठासून भरल्या, त्यामुळे पाच मोठ्या खोक्यांची बचत झाली आणि कोठ्या हलक्याच राहिल्या.

बांधाबांध

खोके आम्ही सियागंजातल्या किराण्याच्या घाऊक दुकानांतून आणले. चायपत्ती आणि साबणाचे खोके मजबूत पुठ्ठ्याचे असतात. फळांचे खोके स्वस्त मिळतात, पण त्यांत ओल आणि किडे असू शकतात म्हणून टाळावेत. बारदान, सुतळी आणि रुंद चिकटपट्टी एवढेच विकत घेतले. काच-चिनीमातीसाठी जुनी धोतरे आणि साड्या वापरल्या. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कपबश्यांना लागते आणि ती सहज निघत नाही; कागद वापरायचाच तर आतून कापडाचा एक पदर द्यावा. ताटल्या आडव्या न रचता उभ्या, कडेवर ठेवाव्यात. आडव्या रचलेल्या थप्पीतली खालची ताटली वरच्या सगळ्यांचा भार घेते, आणि गाडीला एक गचका बसला की तीच तडकते. आरशांवर चिकटपट्टीची फुली मारली, म्हणजे तडा गेलाच तर तुकडे विखुरत नाहीत, आणि मग गोधडीत गुंडाळून ते गाडीत गादीला टेकवून उभे नेले.

पुस्तकांच्या बाबतीत मुलाने चूक केली आणि ती मोजमापाची आहे म्हणून सांगते. त्याने दीड फुटाचे चौकोनी खोके पुस्तकांनी भरले. फूटभर बाजूच्या खोक्यात पंधरा-सोळा किलो पुस्तके मावतात. बाजू दीडपट केली की घनफळ दीडपट होत नाही, ते सव्वातीन पटींहून अधिक होते. म्हणजे त्याचा एकेक खोका पन्नास किलोच्या घरात गेला. दोन खोक्यांचा तळ उचलतानाच सुटला. सगळी पुस्तके काढून लहान खोक्यांत पुन्हा भरली. नियम सोपा आहे : जड वस्तू लहान खोक्यात, हलकी वस्तू मोठ्या खोक्यात, आणि कोणताही खोका घरातल्या एका माणसाला कमरेपर्यंत उचलता आला पाहिजे.

वहीचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. प्रत्येक खोक्याला क्रमांक, आणि तो झाकणावर नव्हे, समोरासमोरच्या दोन बाजूंवर. कारण एकावर एक रचले की झाकण दिसत नाही. वहीत चार रकाने : क्रमांक, नव्या घरातली खोली, आत काय, आणि केव्हा उघडायचा. शेवटचा रकाना मी मध्येच जोडला आणि तोच सर्वांत उपयोगी ठरला. ‘पहिली रात्र’, ‘पहिला आठवडा’ आणि ‘केव्हाही’ असे तीनच शेरे. जुन्या खोलीचे नाव लिहिण्याचा मोह होतो, परंतु हमालाला जुनी खोली सांगून काय उपयोग? त्याला सामान कुठे ठेवायचे तेच हवे असते. नव्या घराच्या प्रत्येक खोलीच्या दारावर तेच नाव कागदावर लिहून चिकटवले होते.

खिळे, स्क्रू आणि बिजागऱ्या ज्या वस्तूच्या, तिलाच कापडी पुरचुंडीत बांधून ठेवल्या. सगळे स्क्रू एका डब्यात टाकले की ते कशाचे हे सांगणारा कोणी उरत नाही. टीव्हीमागच्या वायरींचा फोटो काढून ठेवला. एसी उतरवताना मिस्त्रीने मशीन चालू ठेवून आधी एक व्हॉल्व्ह बंद केला, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतला आणि मग दुसरा बंद केला. असे केले नाही तर सगळा गॅस हवेत जातो आणि नवा भरावा लागतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असते म्हणून ती उभीच, तोंडे झाकून, वेगळी नेली.

आता लोणच्याचे. आदल्या वर्षीच्या कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी मी तोंडाला फडके बांधून, भोवती बोळे देऊन खोक्यात ठेवली आणि खोका भरून निघावा म्हणून त्याच खोक्यात वरच्या बाजूला देवघरातल्या पोथ्या ठेवल्या. पोथ्या वर आहेत, तेल वर चढणार नाही, असा माझा समज. गाडीत तो खोका आडवा झाला. दोन पोथ्यांच्या कडा तेलाने आणि हळदीने कायमच्या पिवळ्या झाल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी त्या तीच पोथी वाचतात, आणि पान उलटताना ती कड माझ्या डोळ्यांसमोर येते. ओले आणि कागदी कधीही एका खोक्यात नको. बरणी तर खोक्यातही नको. ती माणसाच्या मांडीवर जावी.

इन्सुलिन

हे प्रकरण लहान आहे, पण वृद्ध माणसाच्या घरात याला पहिल्या क्रमांकाचे स्थान हवे. फ्रिज हलवायचा तर आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, कोरडा करावा लागतो, आणि नव्या जागी तो काही तास स्वस्थ उभा राहिल्यावरच चालू करायचा असतो, विशेषतः वाटेत कलला असेल तर, म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल पुन्हा जागेवर बसते. म्हणजे घरात जवळपास दीड दिवस फ्रिज नाही, आणि सासूबाईंना दिवसातून दोनदा इन्सुलिन लागते. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. वापरात असलेले खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते, पण त्यात खोलीचे तापमान तिशीच्या आत धरलेले असते, आणि मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. साठ्यातल्या कुपी शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. वापरातली कुपी लहान डब्यात घालून तो डबा पाण्याने भिजवलेल्या मातीच्या माठात ठेवला. माठातून झिरपणारे पाणी वाळताना आतली उष्णता ओढून घेते. बर्फात थेट ठेवायची नाही, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. इन्सुलिनच्या पिशवीला क्रमांक नव्हता. ती मुलीच्या खांद्यावर होती आणि तिला दुसरे कोणतेच काम दिले नव्हते.

कपाट

शिसवी कपाट हे या घराचे खरे धन. उंची 78 इंच, रुंदी 48, खोली 22. यजमानांनी नव्या इमारतीच्या लिफ्टचे दार मोजले होते, आतली उंचीही मोजली होती. कपाट उभे राहते, दारातून जाते, म्हणून निश्चिंत होते. लिफ्टची आतली लांबी मोजायची राहिली. ती 43 इंच निघाली. जिन्याने न्यावे तर वळणावरची जागा साडेतीन फुटांची, आणि तिथे साडेसहा फुटांची वस्तू फिरत नाही. हे आम्हाला कळले सामान निघण्याच्या तीन दिवस आधी, तेही मुलगा सहज टेप घेऊन गेला म्हणून. दार मोजून भागत नाही. वळण मोजावे लागते.

दोघांनी कपाट कापून पुन्हा जोडावे असा सल्ला दिला, एकाने विकत मागितले. शेवटी शहराच्या छावणी भागातले एक वयस्क सुतार आले. त्यांनी कपाटाला हात न लावता आधी चहा घेतला, मग दारे उघडून आत डोके घातले आणि बोटांनी कडा चाचपत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, “भाभीजी, ये खुलेगा. इसमें कील ही नहीं है.” खरोखरच त्यात खिळा नव्हता, सगळे लाकडी खुंट्यांवर उभे होते, आणि इतकी वर्षे ते कपाट रोज उघडणाऱ्या आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा घातला, 1 ला 1, 2 ला 2, असे 26 पर्यंत. मग मागून एकेक खुंटी लाकडी हातोडीने हलकेच ठोकून बाहेर काढली. खुंट्या चहाच्या रिकाम्या डब्यात गेल्या. दीड तासात कपाटाच्या अकरा फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि एका फळीच्या आतल्या बाजूला मूळ सुताराने घातलेले खडूसारखे फिकट आकडे दिसले. दोन आकड्यांत फरक होता तो फक्त वळणाचा. पद्धत तीच होती.

जाण्याचा दिवस

गल्लीत आयशर शिरत नव्हता. मोठी गाडी हमरस्त्यावर उभी करून तिथवर लोडिंग रिक्षाने सामान न्यायचे, असा एक बेत होता. परंतु त्यात प्रत्येक वस्तू दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि फुटतूट चढ-उतारातच होते. म्हणून छोटा हाथी ठरवला, जो थेट दारात येतो. त्यात सुमारे पाऊण टन भार बसतो. पाच फेऱ्या लागल्या. पहाटे साडेपाचला पहिली फेरी निघाली आणि मालवा मिल, पाटनीपुरा, विजयनगर या रस्त्याने वाहतूक वाढण्याआधी तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला ऊन आणि गर्दी दोन्ही लागले.

‘पहिली रात्र’ असा शेरा असलेले सात खोके शेवटच्या फेरीत सर्वांत शेवटी चढवले, म्हणजे ते सर्वांत आधी उतरले. त्यांत चादरी, सहा ताटे, कुकर, चहाचे साहित्य, औषधे, एक बल्ब, पकड, पडद्याच्या दोऱ्या, झाडू आणि दोन दिवसांचे कपडे होते. गॅसचे सिलिंडर सामानाबरोबर नेले नाही. ते वेगळे, उभे आणि बंद करून नेले. हमालांसाठी माठभर पाणी, गूळ आणि ताक ठेवले होते. सकाळी पोहे आणि जिलबी त्यांनी आमच्याबरोबर अंगणात बसून खाल्ली. मजुरी आधी ठरवलेली तेवढीच दिली आणि पाचव्या फेरीचे वेगळे दिले, कारण आमचा अंदाज चार फेऱ्यांचा होता आणि चूक आमची होती.

देव सर्वांत शेवटी निघाले. सासूबाईंनी ते स्वतः ताम्हनात घेतले, वर रेशमी वस्त्र घातले आणि गाडीत मांडीवर धरले. तुळशीवृंदावन दगडी, जमिनीत पक्के बसवलेले. ते हलणार नव्हते. त्यातली मूठभर माती आणि तीन रोपे कुंडीत घेतली. त्यांतली दोन जगली.

त्यानंतर

पहिल्या रात्री अकराला सगळे झोपले. सुतार तिसऱ्या दिवशी आले आणि आकड्याला आकडा जुळवत दोन तासांत कपाट उभे केले. दोन खुंट्या नव्या कराव्या लागल्या. पहिल्या दोन आठवड्यांत 71 खोके उघडले. कागदपत्रांची कामे मात्र रेंगाळली. मतदारयादीतला पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक 8 ऑनलाइन भरता आला, समग्र आयडीवरचा, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळखक्रमांकावरचा, वॉर्ड बदलायला दोन खेपा पडल्या, आणि बँक, विमा व गॅस यांची यादी आधी करून ठेवली नसल्यामुळे एक विम्याची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. ती नव्या मालकांनी सांभाळून ठेवली होती. ही यादी वस्तूंच्या यादीबरोबरच मार्चमध्ये करायला हवी होती.

सासूबाई पहिला महिनाभर रात्री उठून उजवीकडे जात. जुन्या घरात न्हाणीघर उजवीकडे होते. आम्ही त्यांच्या खोलीतले सामान जुन्या मांडणीप्रमाणे लावले होते, पलंग भिंतीला, उशाशी खिडकी, पायथ्याशी तेच शिसवी कपाट. पण दार डावीकडे आहे, ते काही बदलता येत नाही. त्या वाटेवर एक लहान दिवा रात्रभर चालू ठेवतो. आता त्या डावीकडे वळतात.

‘केव्हाही’ असा शेरा असलेल्या बारा खोक्यांपैकी आठ पावसाळ्यात उघडले. उरलेले चार, क्रमांक 58 ते 61, भाऊजींच्या वह्यांचे आहेत आणि माझ्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीत प्लास्टिक घालून ठेवलेले आहेत. भाऊजी गणपतीत पुण्याहून येणार आहेत, आणि ते खोके त्यांच्यासमोर उघडायचे असे आम्ही ठरवले आहे.